चालकविरहित गाडी घेण्याआधी कारखान्याची फरशी तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातील कारखान्यांनी अंतर्गत मालवाहतुकीसाठी चालकविरहित गाड्या, म्हणजे उद्योगात ज्यांना ‘एजीव्ही’ म्हणतात त्या, वापराव्यात असे सुचवणारा लेख आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानावर वाचला. कुपवाड, मिरज आणि पलूसच्या औद्योगिक वसाहतींत, तसेच शेजारच्या सातारा जिल्ह्यातील शिरवळ-खंडाळा पट्ट्यात सध्या या गाड्यांविषयी बरीच चौकशी सुरू आहे. कारखान्यांची उभारणी आणि देखभाल हाच माझा व्यवसाय असल्याने ही चौकशी माझ्याही कानावर येत असते. लेखातील उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की, त्यात गाडीची किंमत, तिची वहनक्षमता आणि वाचणारे मनुष्यबळ यांचा हिशेब मांडला होता, परंतु ती गाडी ज्या फरशीवरून, ज्या गँगवेतून, म्हणजे मशीनमधल्या ये-जा करण्याच्या वाटेतून, आणि ज्या माणसांमधून धावणार, त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. माझ्या मते हा हिशेब उलट्या टोकाने मांडला गेला आहे, कारण गाडी विकत घेणे हा या कामातला शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग आहे.

ही कल्पना आजची नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत बॅरेट कंपनीने तारेच्या मार्गावर आपोआप चालणारे ओढगाडीचे इंजिन तयार केले, आणि स्वीडनमधील कालमार येथे व्होल्वोने १९७४ मध्ये सुरू केलेल्या मोटार कारखान्यात जुळणीच्या गाड्या अशाच चालकाविना फिरत होत्या. कालमारच्या उदाहरणात आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की, तिथे इमारतीची आखणीच या गाड्या गृहीत धरून झाली होती. आपल्याकडे नेमके उलटे घडते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लेथ आणि ड्रिलिंग मशीन बसवण्यासाठी उभारलेली पत्र्याची शेड, तिला नंतर जोडलेली दुसरी शेड, दोन्हींच्या फरशीत दोन-तीन इंचांचा फरक, तो मिटवण्यासाठी सिमेंटचा ओतलेला उतार, आणि अशा जागेत नवी गाडी आणून सोडायची, हा आपला रिवाज आहे. त्यातच ‘आमची गाडी स्वतःच नकाशा तयार करते, तुम्हाला जागेत काहीही बदल करावा लागणार नाही’, असे विक्रेते सांगू लागले आहेत. लेझर स्कॅनरने भिंती आणि खांब ओळखून वाट काढणाऱ्या गाड्यांना जमिनीत तार पुरावी लागत नाही किंवा चुंबकीय पट्टी चिकटवावी लागत नाही, हे खरे आहे. परंतु चाके त्यांनाही आहेत आणि ती फरशीवरच टेकतात.

म्हणून आधी फरशीविषयी लिहितो. फोर्कलिफ्टची चाके मोठी असतात, शिवाय तिच्यावर बसलेला माणूस खड्डा दिसला की वेग कमी करतो किंवा बाजूने जातो. चालकविरहित गाडीची चाके लहान आणि कठीण पॉलियुरेथेनची असतात, त्यामुळे टनभर भार चार-सहा छोट्या ठिपक्यांवर येतो, आणि गाडी दर फेरीला जवळजवळ त्याच रेषेवरून जाते. जिची फरशी कच्ची आहे अशा शेडमध्ये काही महिन्यांतच बैलगाडीच्या वाटेवर पडते तशी चाकोरी पडू लागते. ट्रिमिक्सच्या, म्हणजे ओतल्यावर जादा पाणी पंपाने शोषून घेतलेल्या काँक्रीटच्या, फरशीत कापलेल्या सांध्यांच्या कडा सर्वांत आधी ढासळतात. सुरुवातीला कपचीएवढा तुकडा निघतो, मग त्यात मशीन शॉपचे टर्निंग, म्हणजे धातूचा कीस, आणि तेलकट धूळ बसते, नंतर प्रत्येक फेरीला चाक तिथे आपटते आणि बिनातले, म्हणजे मालाच्या पेटीतले, सुटे भाग हादरतात. आपल्या जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात मी हे जवळून पाहिले आहे. नवी गाडी एका विशिष्ट सांध्यापाशी पोहोचली की थांबायची आणि लाल दिवा लावायची. गाडीत बिघाड आहे असे समजून पुरवठादाराचा माणूस तिची आज्ञावली तपासत राहिला. प्रत्यक्षात सांध्याच्या दोन बाजूंना फरशी वेगवेगळी खचल्याने पायरी तयार झाली होती, तिच्यावरून जाताना पुढचा स्कॅनर क्षणभर खाली झुकायचा आणि त्याला समोरची जमीनच अडथळा म्हणून दिसायची.

फरशी का खचते, हे कृष्णाकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नको. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ज्यांनी पाया घेताना ती पुरेशी खोल काढून मुरमाचा भराव नीट दाबून घातला, त्यांच्या फरशा टिकल्या. ज्यांनी घाई केली, त्यांच्या फरशीवरच्या तडा ऋतूंप्रमाणे उघडतात आणि मिटतात. अशा तडांवर इपॉक्सी या राळेचा चकचकीत थर चढवून गाडी चालू केली, तर थर तडकतो आणि खर्च दुप्पट होतो. आधी सांधे साफ करून त्यांत चाकाचा भार सोसणारे भरण घालणे, खचलेले पॅनेल, म्हणजे सांध्यांमधला फरशीचा तुकडा, उचलून घेणे किंवा तोडून पुन्हा ओतणे, आणि त्यानंतरच वरचा थर देणे, हाच क्रम योग्य आहे. नवी शेड बांधणाऱ्यांनी तर फरशीच्या कंत्राटातच समतलपणा आणि पातळी यांचे आकडे लिहून घ्यावेत. अमेरिकी पद्धतीत यासाठी एफएफ आणि एफएल ही मापे वापरली जातात. पहिले फरशीच्या उंचवट्यांबद्दल सांगते, दुसरे तिच्या एकूण पातळीबद्दल. ही मोजणी काँक्रीट ओतल्यापासून तीन दिवसांच्या आत करण्याची प्रथा आहे, कारण पुढे काँक्रीट सुकताना पॅनेलच्या कडा वर उचलल्या जाऊ शकतात आणि मग दोष ओतणाऱ्याचा की सुकण्याचा, हा वाद मिटत नाही. आपल्याकडच्या कंत्राटांत मात्र बहुधा ‘१५० मिमी ट्रिमिक्स’ एवढेच लिहिलेले असते.

जुन्या शेडची परीक्षा करायला फार मोठे उपकरण लागत नाही. गाडीचा संभाव्य मार्ग खडूने आखावा, तीन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी त्यावर ठेवत पुढे जावे आणि पट्टीखाली फट दिसेल तिथे पाचर घालून मिलिमीटर लिहून घ्यावेत. सुट्टीच्या दिवशी त्याच मार्गावर पाणी ओतून डबकी कुठे साचतात तेही पाहावे. केबलसाठी काढलेल्या चरांवरची लोखंडी झाकणे, मशीनच्या तेलासाठी ठेवलेल्या नाल्यांच्या जाळ्या आणि शटरची जमिनीत बसवलेली पट्टी यांची वेगळी नोंद करावी. फोर्कलिफ्ट ज्यांवरून वर्षानुवर्षे खडखडत गेली, अशा या जागांवर ही गाडी अडते. पट्टी घेऊन फिरण्याचे हे काम दोन माणसे एका पाळीत करू शकतात, आणि तरीही मागणीपत्र देण्यापूर्वी ते केलेले मला क्वचितच आढळले आहे.

दुसरा प्रश्न गँगवेच्या रुंदीचा. चालकविरहित औद्योगिक गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात गाडी बनवणाऱ्याच्या जबाबदाऱ्या तर आहेतच, पण गाडी जिथे फिरणार ती जागा कशी तयार करावी यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. गाडी किंवा तिच्यावरचा माल आणि बाजूची भिंत, खांब, रॅक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी किमान अर्धा मीटर मोकळी जागा, २.१ मीटर उंचीपर्यंत, असावी अशी त्यातली मूळ अपेक्षा आहे, जेणेकरून मधे सापडलेला माणूस चिरडला जाणार नाही. जिथे एवढी जागा देता येत नाही, तिथे वेग फार कमी ठेवणे, इशारा देणे किंवा माणसांना प्रवेशच बंद करणे, असे उपाय करावे लागतात. आता हिशेब करून पाहावा. १२०० मिमी रुंदीचा पॅलेट (माल रचण्याची फळ्यांची चौकट) आडवा घेऊन जाणाऱ्या गाडीला एकेरी वाटेसाठीच २.२ मीटर लागतात. दोन गाड्या समोरासमोर जायच्या असतील तर दोन पॅलेट, दोन्ही कडांचे अर्धे-अर्धे मीटर आणि दोन गाड्यांमधले अंतर धरून साडेतीन मीटरच्या वर जावे लागते. आपल्या बहुतेक मशीन शॉपमध्ये पिवळ्या पट्ट्यांमधली जागा दोन-अडीच मीटर असते, आणि तीही कागदावर; प्रत्यक्षात पट्टीवर रिकामे बिन, वेल्डिंगचे सिलिंडर, चहाच्या किटलीचे टेबल आणि कोणाची तरी मोटारसायकल असते. कामाच्या जागेची फरशी व वाटा मजबूत आणि अडथळ्याविना ठेवाव्यात, हे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३२ इतके जुने आहे. एवढी वर्षे ते न पाळता काम निभावले, कारण माणूस अडथळा पाहून वळसा घालतो. ठरल्या वाटेने जाणारी गाडी मात्र अडथळा दिसला की उभी राहते आणि तिच्यामागे सगळी वाहतूक उभी राहते. स्वतः वळसा घालू शकणाऱ्या गाड्याही मिळतात, पण वळसा घालायला बाजूला जागा हवी, आणि नेमकी तीच नसते.

गाडीला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे व्यवस्थापनाने समजून घेणे गरजेचे आहे. तिचा सुरक्षा स्कॅनर बहुधा जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीवर एका आडव्या पातळीत पाहतो. थांबण्याची चाचणी घेण्यासाठी मानकात दोन दंडगोल ठरवून दिलेले आहेत. ७० मिमी व्यासाचा ४०० मिमी उंचीचा उभा, म्हणजे साधारण माणसाचा पाय, आणि २०० मिमी व्यासाचा ६०० मिमी लांबीचा आडवा, म्हणजे जमिनीवर पडलेले शरीर. यावरून लक्षात येईल की उभ्या माणसाचा पाय गाडीला ओळखता येतो, परंतु कमरेच्या उंचीवर वाटेत आलेली टेबलाची कड, अर्धवट वर उचललेले फोर्कलिफ्टचे काटे किंवा क्रेनला लोंबकळणारे कास्टिंग (ओतीव भाग) तिला दिसेलच असे नाही. अशा वस्तू वाटेबाहेर ठेवणे हे काम माणसाचे आहे. उलट पॅलेटवरून लोंबणारी सुतळी किंवा प्लॅस्टिकची सुटलेली फिल्म स्कॅनरसमोर आली की गाडी कारण नसताना थांबते. आपल्याकडच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या तुटलेल्या असतात, खिळे बाहेर आलेले असतात, आणि हाताने पॅलेट ट्रक सरकवणारा कामगार ते सांभाळून घेतो. गाडीचे काटे ठरलेल्या उंचीला ठरलेल्या ठिकाणीच घुसतात. त्यामुळे १२०० बाय १००० मिमीचे एकच माप ठरवून तुटके पॅलेट बाजूला काढण्याची शिस्त आधी सहा महिने पाळून पाहावी, असे मी सुचवतो. ती जमली नाही, तर गाडीही जमणार नाही. मशीन शॉपमध्ये चुंबकीय पट्टीवर चालणारी स्वस्त गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे की, लोखंडाचे टर्निंग त्या पट्टीला चिकटते, आणि फोर्कलिफ्टची चाके वळताना ती पट्टी सोलून काढतात.

किती गाड्या घ्याव्यात, हेही बहुतेक ठिकाणी अंदाजाने ठरते. समजा स्टोअर ते मशीन शॉप हे अंतर १२० मीटर आहे आणि गाडीचा सरासरी वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर जाऊन येऊन चार मिनिटे लागतात. माल उचलण्या-ठेवण्याची दोन मिनिटे आणि चौकात, शटरपाशी थांबण्याची दोन मिनिटे धरली, तर एक फेरी आठ मिनिटांची होते, म्हणजे तासाला सात फेऱ्या. कागदावर हे पुरेसे दिसते. पण आपल्याकडे माल सारख्या अंतराने जात नाही. पाळी सुरू होताना सगळ्या मशीनना एकदम कास्टिंग हवे असते, आणि दुपारी ट्रक लागला की डिस्पॅचकडे एकदम तयार माल न्यायचा असतो. गाड्यांची संख्या या गर्दीच्या तासावरून ठरवावी लागते, किंवा त्याहून बरे म्हणजे कामाचे नियोजन बदलून ती गर्दीच कमी करावी लागते. मी तर असे म्हणेन की, एका आठवड्याच्या हालचालींची नोंद केल्यावर काही कारखान्यांना गाडीची गरजच नाही, दोन मशीन जवळ आणली तरी पुरे, असे आढळून येईल. असा सल्ला देणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.

विजेचा आणि वायरलेस जाळ्याचा विषय थोडक्यात सांगतो. गाडीला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी ती चालेल, असा समज आहे. वीज गेली की गाडी जिवंत राहते, पण तिला हुकूम देणारा संगणक आणि वाय-फायचे खोके बंद पडतात, आणि जनरेटर सुरू झाल्यावर ते पुन्हा उभे राहीपर्यंत गाड्या असतील तिथे खिळून राहतात. त्या वेळी एखादी गाडी आपत्कालीन दारासमोर किंवा आग लागल्यावर खाली येणाऱ्या शटरखाली उभी असली तर काय, याचा विचार मार्ग आखतानाच व्हावा. वाय-फायची सगळी उपकरणे यूपीएसवर घ्यावीत आणि सिग्नलची तपासणी रॅक रिकामे असताना न करता मालाने भरलेले असताना करावी, कारण लोखंडी बिनांच्या भिंती सिग्नल अडवतात. चार्जिंगची जागा पॅकिंगच्या पुठ्ठ्यांपासून आणि बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर हवी. शिशाच्या बॅटऱ्या असतील तर चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून तिथे वायुविजनाची सोय लागते.

पावसाळ्याचा मुद्दा मात्र लांबवावा लागेल, कारण बाहेरून आलेल्या तांत्रिक पुस्तिकांत तो सापडत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत दोन शेडच्या मध्ये उघडे आवार आहे आणि माल तिथूनच जातो. आत चालण्यासाठी बनवलेली गाडी बाहेरच्या आवारात चालत नाही. पावसाच्या धारा आणि धुके यांना स्कॅनर अडथळा समजू शकतो, आणि उघड्या शटरमधून येणारे संध्याकाळचे तिरपे ऊनही त्याला त्रास देते. आतली गाडी आतच ठेवायची म्हटले तरी पाऊस आत येतोच. ताडपत्रीवरून गळणारे पाणी घेऊन ट्रक डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला, लागतो, फोर्कलिफ्टची चाके आवारातला चिखल आत आणतात, पन्हळीच्या जोडातून ठिबक सुरू होते. ओल्या आणि तेलकट फरशीवर थांबण्याचे अंतर वाढते, आणि गाडीचे सुरक्षा क्षेत्र, म्हणजे ज्यात काही आले की ती थांबते तो तिच्यापुढचा भाग, जर कोरड्या फरशीवर मोजून बसवले असेल, तर माणूस दिसूनही ती वेळेत थांबेल याची खात्री उरत नाही. या गाड्या बहुधा आर्थिक वर्ष संपण्याच्या सुमारास येतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांची स्वीकृती चाचणी होऊन बिल चुकते होते. माझी उद्योजकांना आग्रहाची सूचना आहे की, शेवटच्या हप्त्याची रक्कम पावसाळ्यातल्या चाचणीशी बांधून घ्यावी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये डॉकजवळच्या ओल्या फरशीवर पूर्ण भार घेऊन गाडी थांबवून पाहावी. नदीकाठच्या सखल भागात ज्यांची गोदामे आहेत, त्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवून चार्जर, विजेचे पॅनेल आणि नियंत्रण संगणक किती उंचीवर बसवायचे तेही आताच ठरवावे. गाड्या उचलून न्यायला वेळ मिळेल, भिंतीवरचा चार्जर नेता येणार नाही.

राहता राहिली माणसे. गाडी आली की फोर्कलिफ्ट चालक आणि ट्रॉली ओढणारे कामगार यांच्या पोटावर पाय येणार, ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. त्यांना कोणते काम देणार, हे व्यवस्थापनाने गाडी येण्यापूर्वी लेखी सांगावे. मात्र केवळ न्यायाच्या दृष्टीनेच नव्हे, तर कामाच्या दृष्टीनेही याच लोकांना आधी विचारले पाहिजे. कोणत्या वळणावर माल घसरतो, कोणत्या पाळीत कुठली वाट अडते, स्टोअरचा कोणता दरवाजा प्रत्यक्षात वापरात नाही, हे ड्रॉइंगवर नसते. ते ट्रॉली ओढणाऱ्याला माहीत असते. ठेकेदाराची माणसे सारखी बदलतात, त्यामुळे एकदा प्रशिक्षण देऊन भागत नाही. गंमत म्हणून गाडीपुढे पाय घालून ती थांबवणे, चालत्या गाडीच्या मागे उभे राहून जाणे, तिच्या वाटेत ‘दोनच मिनिटे’ बिन ठेवणे, हे प्रकार पहिल्या महिन्यात हमखास होतात. प्रत्येक पाळीत एका माणसावर या गाड्यांची जबाबदारी नाव लिहून सोपवावी, आणि अडकलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा अधिकार त्याच्याकडेच असावा.

या बाबतीत दोन संस्थांकडून अपेक्षा आहेत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने अशा गाड्या बसवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी सोप्या मराठीत मार्गदर्शक सूचना काढाव्यात, कारण वर उल्लेख केलेले मानक इंग्रजीत आहे, विकत घ्यावे लागते आणि वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्यात ते कोणी उघडत नाही. आणि औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांच्या संघटनांनी फरशी मोजण्याचे एखादे चांगले उपकरण सामाईक खर्चाने घ्यावे. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून प्रत्यक्ष शेडच्या फरशीचे, गँगवेचे आणि मालाच्या हालचालींचे सर्वेक्षण करायला दिले, तर कारखान्यांना अहवाल मिळेल आणि मुलांना तयार मॉडेल जुळवण्यापेक्षा बरे काम मिळेल.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. उद्योगविषयक पानावर या गाड्या वापरणाऱ्या एखाद्या कारखान्याची माहिती पुन्हा छापाल, तेव्हा गाडीच्या किमतीसोबत फरशी, सांधे, रॅक हलवणे, पॅलेट, वाय-फाय आणि प्रशिक्षण यांवर झालेला खर्चही त्या उद्योजकाला विचारावा आणि तो आकडा किमतीच्या शेजारीच छापावा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(कारखाना उभारणी व देखभाल सल्लागार)
विश्रामबाग, सांगली